जाधवकाकांचा टेप

जाधवकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची विचारपूस करतात. बोटाचं पेर टाइलवर टकटक वाजवायचं, कान लावायचा, "पोकळ हाय" असं जाहीर करायचं आणि मगच चहाकडे वळायचं. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी भर पाहुण्यांत स्वयंपाकघरातल्या तीन टाइल नापास केल्या. आईने त्या दिवसापासून तिथे फ्रिज उभा केलाय.

काका मूळचे पिशोर गावचे. इथे पुंडलिकनगरात आमचे शेजारी आणि एका बांधकाम कंपनीत सीनियर क्वांटिटी सर्व्हेअर. म्हणजे ठेकेदाराने किती प्लास्टर केलं, किती काँक्रीट ओतलं ते स्वतः मोजायचं आणि त्याच्या बिलाला कात्री लावायची. वाढीव माप म्हणजे त्यांच्या लेखी सरळसरळ चोरी. "डोळ्यानं नाय, टेपनं बोला," हे त्यांचं पालुपद. टेप कायम पँटच्या खिशात, लग्नकार्यात सफारीच्या.

गणपतीत मंडपवाल्याने गालिच्याचं बिल दिलं, तर हे गुडघ्यांवर बसून गालिचा मोजायला लागले. "स्टेजखाली अंथरलाय का? नाय ना? मग तेवढी वजावट." मंडपवाल्याने हात जोडले. "चाचा, खुदा के वास्ते टेप अंदर रखो!" आमची हसून पुरेवाट झाली. काका मात्र ढिम्म.

दिवाळीनंतर सुमनकाकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हळदीकुंकवाला अख्खी गल्ली पालथी घालणारी बाई पलंगाला खिळली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. काकू थोडे दिवस चालल्या, काका टेपने अंतरही मोजायचे, मग त्यांनी धीरच सोडला. "काय उपेग? हाय तिथंच हाय मी," म्हणाल्या आणि कूस बदलून पडून राहिल्या. या आता उठायच्याच नाहीत, अशी मला धास्ती वाटायला लागली.

एका सकाळी काकांनी मला हाक मारली. "पोरी, टेपची डबी धर पलंगापाशी. साइटवर बी मी अन् ठेकेदार मिळूनच माप घेतो. एकट्याचं कुणी मानत नाय."

टेपचं टोक एका हातात आणि काकूंचा दंड दुसऱ्या हातात धरून ते निघाले. काकू भिंतीच्या आधाराने पाय ओढत जेमतेम दारापर्यंत गेल्या. मी आकडा बघितला. साडेसहा फूट. सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकाच ओरडले, "नऊ फूट! मागल्या खेपेला आठच झालं होतं, सुमन!"

मी चकित होऊन वर पाहिलं. काका माझ्याकडे टक लावून बघत होते. ठेकेदारांना घाम फोडणारा हा माणूस चक्क विनवणी करत होता.

"बरोबर हाय ना, पोरी?"

मी आकड्यावर अंगठा ठेवला. "बरोबर, काका. नऊच."

काकूंनी आधी माझ्याकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"खरंच असंल मग," त्या म्हणाल्या. "यांनी जन्मात कुणाला इंचभर वाढवून दिलं नाय."

आणि त्यांनी उंबऱ्यापलीकडे पाय टाकला.