अप्पांच्या शर्टावरची टाकी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुदर्शनने उभं राहून सांगून टाकलं, की टाकी भरल्यावर वाजणारा अलार्म विकत आणायची काही गरज नाही, त्याचं सर्किट बोर्ड तो स्वतः घरी बनवील. विश्रांतवाडीतली ती सोसायटी गेली कित्येक वर्षं रोज सकाळी गच्चीवरून धबधबा सोडत होती, त्यामुळे टाळ्या पडल्या.

कृती तशी सोपी. सर्किटच्या रेघा गुळगुळीत कागदावर उलट्या, आरशात दिसतात तशा, लेझर प्रिंटरने छापायच्या. तांब्याचा थर असलेल्या पट्टीवर तो कागद पालथा घालून गरम इस्त्री दाबायची. शाई तांब्यावर उतरते. मग पट्टी रसायनात बुडवली, की शाईखालचं तांबं तेवढं शिल्लक राहतं.

सुदर्शनची शाई उतरेना. कधी अर्धीच रेघ यायची, कधी कागद करपायचा. एवढी इस्त्री तू स्वतःच्या कपड्यांना कधी केली नाहीस, असं त्याची बायको पूर्वा म्हणाली ते खरंच होतं.

रविवारी त्याने दागिन्यांच्या जाहिरातीचा झुळझुळीत कागद मिळवून त्यावर नवी प्रिंट काढली. मधोमध ठळक अक्षरांत, अर्थात उलटं, ‘टाकी भरली’ असं लिहिलेलं. कागद इस्त्रीच्या चादरीवर उताणा ठेवून तो पट्टी घासायला मोरीत गेला.

नेमके तेव्हाच त्याचे सासरे बद्रीनाथअप्पा शर्ट घेऊन आले. मार्केट यार्डात कांद्याचा गाळा चालवणाऱ्या या माणसाचा शर्ट कायम पांढराशुभ्र, आणि इस्त्री स्वतःच्याच हातची. चकाकी येऊ नये म्हणून ते शर्ट पालथा घालून इस्त्री करत. चष्मा बाहेर राहिला होता. चादरीवरचा कागद त्यांना दिसला नाही, आणि नंतर तो गळून खाली पडला तोही दिसला नाही. अंगात शर्ट घातल्यावर तर पोटाच्या पलीकडच्या उतारावर काय आहे, हे अप्पांना गेल्या वीस वर्षांत दिसलंच नव्हतं.

सगळे निघाले नारायण पेठेत. पूर्वाच्या भावाचं, शुभंकरचं, ऋचाशी जमत आलं होतं आणि आज जेवायला बोलावणं होतं. सुदर्शन गाडी चालवत होता आणि मनातल्या मनात रेघा जोडत होता. तिथेही तो अप्पांच्या शेजारीच बसला, आणि त्याच ओळीत पुढे पूर्वा आणि शुभंकर.

जेवणात बासुंदी होती. ऋचाच्या आईने सगळ्यांना आग्रह करकरून वाढली. अप्पांपाशी आल्या की मात्र त्या अदबीने मान लववून पुढे जायच्या. एक वाटी संपली, अप्पांनी ती जरा पुढे सरकवली. त्या हसल्या आणि सुदर्शनला तिसरी वाढून गेल्या.

हात धुताना अप्पा पूर्वाच्या कानात म्हणाले, की असल्या घरात मुलगा द्यायचा नाही. मागेच उभ्या असलेल्या शुभंकरने ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. अप्पा तरातरा दाराशी गेले, निरोपाचा नमस्कार करायला वळले, आणि समोरून सुदर्शनला तो शर्ट पहिल्यांदा दिसला.

पूर्वालाही दिसला. तिने तोंडावर हात ठेवला.

“अप्पा, तुमच्या पोटावर काहीतरी लिहिलंय,” शुभंकर हळूच म्हणाला.

ऋचाच्या आई गोंधळल्या. “म्हणजे ते मुद्दाम नव्हतं? मला वाटलं, आग्रह नको म्हणून आधीच लिहून आणलंय. किती सोयीचं, असंही वाटलं. आमच्या पेठेत पाटी लावली की माणसं पाळतात हो.”

अप्पांनी शर्ट ताणून, मान वाकवून, ती अक्षरं कशीबशी वाचली. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि त्याबरोबर सर्किटही. ते परत पाटावर जाऊन बसले आणि त्यांनी वाटी मागितली. सोयरीक दुसऱ्या वाटीवर पक्की झाली.

परतताना पूर्वा नवऱ्याला जे बोलायचं ते सगळं बोलली. सुदर्शनने त्यातलं काहीही ऐकलं नाही. तो सिग्नलला मागे वळून अप्पांच्या पोटाकडे टक लावून बघत होता. एकही रेघ तुटलेली नव्हती.

“अप्पा,” तो अत्यंत आदराने म्हणाला, “इस्त्री कितीवर ठेवली होतीत?”