अमेरिकेने मंजूर केलेला पूल

भाषा शिकायला शांतता लागते, असा विद्वानांत समज आहे. इतर भाषांबाबत तो खरा असेलही; इंग्रजीबाबत साफ खोटा आहे. इंग्रजी शिकायला जगात कुठेतरी अशांतता लागते, आणि ती रोज ताजी लागते. कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या गावाने हे नव्वदच्या दशकात सिद्ध केले. (दखल कोणी घेतली नाही. दखल घेण्याजोग्या गोष्टींचे असेच होते.)

या कार्याचे प्रणेते वैजनाथ मास्तर. ते दहावीच्या इंग्रजीची शिकवणी घेत. पाठ्यपुस्तकावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण त्यातली पोरे सारखी बागेत जाऊन फुलपाखरे बघत. "बागंत जाऊन कोणाचं भलं झालं?" असे ते विचारत. (गावात बाग नसल्याने उत्तर मिळत नसे.) त्यांचे पुस्तक म्हणजे नाक्यावरच्या मोहनसिंगच्या ढाब्यात भजी बांधायला येणारा इंग्रजी पेपर. त्यातले खेळाचे पान ट्रकवाले नेत, सिनेमाचे पान मोहनसिंग भिंतीला चिकटवी, आणि जे कोणालाच नको असे ते आंतरराष्ट्रीय सुरक्षेचे पान मास्तरांना फुकट मिळे. अशा रीतीने आमचा अभ्यासक्रम ठरला. पुष्कळ अभ्यासक्रम याहून कमी विचाराने ठरतात.

शिकवण्याची पद्धत शास्त्रीय होती. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जायचे. शब्दाचा जो भाग गावाला ठाऊक, त्यावरून उरलेला ओळखायचा. डिक्शनरी ही मास्तरांच्या मते कुबडी होती. 'पीस' तर प्रत्येक बाईला माहीत होता, आहेरात ब्लाऊजचा येतो तो. त्यामुळे 'पीस टॉक्स' वेगळे शिकवावे लागले नाहीत. दोन्हीकडची माणसे बसतात, कापड अपुरे निघते, जुने उकरून काढले जाते आणि बोलणी फिसकटतात. पेपरातही दर आठवड्याला हेच छापून येई. 'डेडलॉक' म्हणजे ग्रामपंचायतीचे कुलूप (किल्ली जुन्या ग्रामसेवकाबरोबर बदलून गेली होती). 'न्यूक्लिअर पॉवर' म्हणजे लाइटीचाच एक प्रकार, तोही आपल्याकडे न येणारा. 'फ्लाय' म्हणजे माशी, हे शेंबड्या पोरालाही येत होते. म्हणून मोहनसिंगने ढाब्यावर 'नो फ्लाय झोन' अशी पाटी रंगवून लावली. माशा नेमक्या त्या पाटीवर बसत. जाहीर केलेला झोन परदेशातही सगळे पाळतातच असे नाही, हे मास्तरांनी त्याला समजावून सांगितले.

वर्गात सर्वांत हुशार सपना. तिला नर्सच्या कोर्सला जायचे होते. त्याला दहावी लागत होती, आणि दहावीचे एकटे इंग्रजी राहिले होते. मार्चमध्ये इंग्रजी आडवे येई आणि ऑक्टोबरमध्ये ओढा. हा ओढा गाव आणि रस्ता यांच्या मधोमध वाहतो, आणि वर्षभर मरगळून पडलेला हा प्राणी ऐन पेपरच्या दिवशी दुथडी भरून येई. पुलाचा प्रस्ताव कचेरीत होता (कोणत्या, हे सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही). तो सपनाच्या जन्माआधी गेला होता. तिची आई सोजराबाई दर सोमवारी विचारायला जाई आणि तेच उत्तर घेऊन परत येई, "सँक्शन आलं न्हाई."

म्हणजे मास्तरांच्याही आधी गावाला एक इंग्रजी शब्द पक्का येत होता. विहीर सँक्शन होते, घरकुल सँक्शन होते, पुढाऱ्याच्या मेव्हण्याचे सगळेच सँक्शन होते. फक्त पूल होत नव्हता.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात भारताने अणुचाचण्या केल्या. चार-पाच दिवसांनी भज्यांच्या तेलात भिजलेला मथळा मास्तरांनी वर्गात वाचला.

"पोरांनो, भारतानं टेस्ट दिल्या. पाच. अन् अमेरिकेनं भारताला सँक्शन इम्पोज केलं."

"सर, इम्पोज म्हंजे?" सपनाने विचारले.

"म्हंजे जबरदस्तीनं देणं. आपण नको म्हणलं तरी."

पोरांनी अर्थ वहीत उतरवून घेतला. इथे वीस वर्षे मागून मिळत नाही, आणि अमेरिका जबरदस्तीने देते! सपनाला थोडे वाईटही वाटले. देश एका दमात पाच टेस्ट पास झाला होता, आणि तिला एक निघत नव्हती.

पुढच्या सोमवारी सोजराबाई ते तेलकट कात्रण घेऊन कचेरीत उभी राहिली.

"साहेब, अमेरिकेनं सँक्शन देऊन टाकलं. आता तुमी काहून अडवून राहिले?"

कारकुनाने कात्रण वाचले. वाचले म्हणजे पाहिले. अर्थ विचारायचा तर कुणाला? त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "बाई, कात्रणासहित अर्ज करा."

अर्ज वर गेला. त्यात 'अमेरिका', 'आंतरराष्ट्रीय' आणि 'सुरक्षा' हे तीन शब्द असल्याने तो आपल्या टेबलावर सापडावा अशी कुणाचीच इच्छा नव्हती. प्रत्येकाने 'तातडीचे' असा शेरा मारून तो पुढे ढकलला. एका साहेबांना म्हणे खरा अर्थ ठाऊक होता. पण तो समजावायला इंग्रजीत टिपण लिहावे लागले असते. त्यांनी सही केली. मध्येच हिंगोली वेगळा जिल्हा झाला, आणि फाइल परभणीहून आमच्या जवळ आली. गावाने त्याचेही श्रेय अमेरिकेला दिले.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात पूल उभा राहिला. दरम्यान सपनाचे मार्चचे गुण दरवर्षी एकेकाने चढत होते. प्रगती समाधानकारक होती, निकाल सोडल्यास. आता ऑक्टोबरचा पेपर ओढ्याच्या परवानगीविना देता येणार, एवढ्यात भज्यांचा कागद पुन्हा बोलला. अमेरिकेने भारतावरची सँक्शन 'लिफ्ट' केली.

"लिफ्ट म्हंजे?" सोजराबाईने विचारले.

"उचलणं," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले.

ज्याने दिला तो उचलून नेणार, यात गावाला काही वावगे दिसले नाही. प्रश्न वेळेचा होता. सोजराबाई भाकरी बांधून घेऊन पुलावर जाऊन बसली.

"माझी लेक पेपर देऊन येईस्तोर कुणी हात लावायचा न्हाई. मंग न्या उचलून."

मग सगळे गावच पाळीपाळीने बसू लागले. तिसऱ्या दिवशी स्कूटर बंद पडलेला एक सज्जन पुलावर आला आणि चुकून म्हणाला, "लिफ्ट मिळेल का?" त्याला स्कूटरसकट ओढ्यातून पलीकडे नेऊन सोडण्यात आले. (चहा पाजला होता.)

पेपरच्या दिवशी पाऊस आलाच. खाली गढूळ पाणी धडधडत होते आणि वरून सपना कोरड्या चपलांनी पलीकडे गेली. सोजराबाई पदर तोंडाला लावून रडली. मास्तर रडले. मलाही आवरले नाही, आणि आंतरराष्ट्रीय घडामोडींवर रडण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

सपना काठावर पास झाली आणि आज ती नर्स आहे. पूल जागेवर आहे. अमेरिका अजून न्यायला आलेली नाही.

इथवर वाचताना सुशिक्षित वाचक हसला असेल. सँक्शन म्हणजे निर्बंध, हे त्याला ठाऊक आहे. तरी त्याने एकदा डिक्शनरी उघडून पाहावी. तिथे 'मंजुरी' आणि 'निर्बंध' असे दोन्ही अर्थ छापलेले आहेत. आमच्या गावाला एकच येत होता, आणि त्यावर पूल झाला. तुम्हाला दोन्ही येतात. तुमच्या ओढ्यावरून पावसाळ्यात कसे जाता?