माझे अकरा गळ

मासे धरण्यातलं मला सगळं कळतं, हे आधीच सांगून टाकतो! कयाधूच्या काठावर तीस वर्षं गळ टाकून बसलेला माणूस आहे मी. मरळ कुठल्या डोहात राहते, किती वाजता वर येते, तिला गांडूळ आवडतं की बेडकी, काहीही विचारा. चौथीच्या वर्गाला मी हे फळ्यावर रंगीत खडूनं काढून शिकवलेलं आहे.

एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. त्या तीस वर्षांत गळ बांधायचं काम आमच्या शाळेचा शिपाई हरिचंद करायचा. मी काठी धरायचो. आणि निघालेला मासा गावातून मिरवायचोही मीच.

तर १९९८ साली, दिवाळीच्या तोंडावर, हरिचंद अंथरुणाला खिळला. आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालेलो. त्याचं घर नदीपलीकडच्या तांड्यावर. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो काढला, तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आणि हरिचंदच्या बायकोला, मिराबाईला, बाजूला घेऊन म्हणाले, "घरी न्या. मागतील ते खाऊ घाला." असं डॉक्टर म्हणाले की काय समजायचं, ते सांगावं लागत नाही.

पण हरिचंद काही मागेच ना! आठ दिवस नुसतं पाणी. मी उशाशी बसलो होतो, तेव्हा एकदाच ओठ हलवले. "गुरुजी, आपल्या डोहातली मरळ खावी वाटून राहिली."

"एवढंच? उद्या आणतो!"

"बाजारातली नको."

"बाजारातली कशाला? मी आहे ना!"

 मिराबाई उठली आणि मसाला वाटायचा पाटा धुवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः गळ बांधला. जन्मात पहिल्यांदाच, पण त्यात अवघड काय? कार्यानुभवाच्या तासाला चौतीस वर्षं पोरांकडून नायलॉनची दावी करून घेतलीत मी. गाठ मारायची आणि टोक विस्तवावर धरायचं, म्हणजे ते उसवत नाही. तालुक्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर आहे त्या गाठीला! तेव्हा तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा बारीक दोरा, गळाला बांधलं, पेटती उदबत्ती गाठीवरून छान फिरवली आणि गळ पाण्यात सोडला.

दहा मिनिटांत ज्वारीच्या धांड्याचा तरंगता तुकडा बुडाला. काठी उचलली. जोरात हिसका... टक्! काठी एकदम हलकी. नुसतं तंगूस वर आलं, फळा पुसल्यासारखं कोरं.

"मोठी हाय, गुरुजी!" बांधावरून ग्यानबा ओरडला. डोहाला लागूनच त्याचं हळदीचं रान. "पाच किलोच्या आत न्हाई!"

हिंगोलीला जाऊन जाड तंगूस आणलं. टक्! त्याहून जाड आणलं. टक्! ग्यानबाचा मासा मोंढ्यातल्या हळदीच्या भावासारखा रोज वर चढत होता. पाचाचा दहा झाला, दहाचा वीस. सहाव्या गळाला तो म्हणाला, "गुरुजी, हे मासा न्हाईच. सुसर हाय!"

झालं! बायकांनी त्या डोहावर धुणं बंद केलं. म्हशींना लांबच्या उतारावर न्यायला लागले. आणि रोज संध्याकाळी मी रिकाम्या हातानं तांड्यावर.

"आज वारं होतं, हरिचंद."

"व्हय."

"आज पाणी गढूळ होतं."

"व्हय."

मिराबाई धुतलेला पाटा पुन्हा भिंतीला टेकवून ठेवायची. त्या पाट्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. हरिचंदचे गाल रोज थोडे थोडे आत जात होते, आणि मी वाऱ्याबद्दल बोलत होतो.

आठवा गळ गेला तेव्हा डोहावर धुणं धुणाऱ्यांतल्या रुख्मिणीबाईंनी निदान केलं. "साती आसरा हायेत त्या डोहात. न पुसता हात घातला, कोपल्या!"

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण माणूस तिकडे पडलेला. नारळ फोडला, हिरव्या बांगड्या वाहिल्या, दहीभात ठेवला, उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला. आणि एवढ्या उदबत्त्या पेटल्याच आहेत, तर गाठही यावेळी भरपूर भाजून घेतली. वीस अंक मोजेपर्यंत! एकीकडून देवी, एकीकडून शास्त्र. आता बघतो कोण तोडतं ते!

नववा गळ माशानं गांडूळ चाखायच्या आत गेला. दहावा तर मी नुसता फेकला आणि तो एकटाच पुढे गेला.

त्याच दुपारी ग्यानबा हरिचंदला बघायला गेला, आणि आजारी माणसाला करमावं म्हणून त्यानं सुसरीची सगळी कथा शेपटीसकट सांगितली. संध्याकाळी मी पोचलो तर हरिचंद डोळे उघडून वाट बघत होता.

"सुसर म्हणे?"

माझा बांध फुटला. "दहा गळ गेले रे, हरिचंद! दहाही तुटले. वारं नव्हतं, पाणीही गढूळ नव्हतं. मला जमत नाही!"

"अकरावा हाय का?"

होता. उद्यासाठी बांधून, भाजून तयार. मी अभिमानानंच पुढे केला. त्यानं गाठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे काय टोचून राहिलं?"

"गाठ पक्की केलीय. उदबत्तीनं. दाव्याला करतो ना, तशी."

"तंगूस जाळलं?"

"म्हणजे... उसवू नये म्हणून."

हरिचंदनं दोन बोटांत तंगूस धरून गळ ओढला. टक्! ज्या हाताला पाण्याचा तांब्या उचलत नव्हता, त्या हातानं माझी सुसर मारली!

"काहून जाळलं, गुरुजी? दाव्याला जाळायला जागा असते. ह्याच्यात काय हाय? केसायेवढं तर हाय!"

मग तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. हसता हसता खोकला लागला, मिराबाई धावत आली, तिनं पाठ चोळली.

"पोरायला भी हेच शिकवलं?"

"चौतीस वर्षं."

"मंग कयाधूत मासे लई शिल्लक असतीन!"

त्यानं उशीला टेकून बसवायला लावलं आणि बारावा गळ स्वतः बांधला.  रॉकेलची चिमणी जवळ धरून मी बघत राहिलो. गाठ आवळायच्या आधी त्यानं तिला जिभेवर ओलं केलं, एवढंच. त्याला अर्धा तास लागला.

सकाळी मरळ आली. काही तुटलं नाही. हातभरसुद्धा नव्हती; जेमतेम पाव किलो. ओठात माझे दोन गळ नथीसारखे लोंबत होते. ग्यानबानं तिला उलटीपालटी करून पाहिलं आणि म्हणाला, "ही न्हाई, गुरुजी. ही तिची नात असन."

मिराबाईनं पाट्यावर मसाला वाटला. हरिचंदनं भाकरी कुस्करून चार घास खाल्ले, पाचवा ताटातच ठेवला.

"मीठ बराबर हाय," तो तिला म्हणाला. ती चुलीकडे तोंड करून बसली.

बारा दिवसांनी तो गेला. तिसऱ्याला मी मिराबाईजवळ एवढंच बोलू शकलो, की मला गाठीचं आठ दिवस आधी समजलं असतं तर त्यानं अख्खी मरळ खाल्ली असती.

"चार घास खाल्ले, गुरुजी. लई झालं," ती म्हणाली.

बारावा गळ मी पुन्हा पाण्यात टाकलेला नाही. खडूच्या रिकाम्या डबीत आहे. कधी कधी काढून ती गाठ बघतो. ती कशी मारली, ते मला अजूनही नीट समजलेलं नाही.

आणि हो, माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता कुठं कुठं असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल आणि एखाद्या नदीवर त्याचं तंगूस असंच तुटत असेल, तर त्यानं आसरांना बोल लावू नये. बाळा, तुझा मासा मोठा नव्हता. तुझे गुरुजी कच्चे होते!