तीर्थरूपांस हसविल्याची बखर

थोर थोर राज्ये बुडाली, तख्ते फिरली, ती हकीकत थोरांनी लिहून ठेविली. परंतु एका रविवारी दुपारी टीव्हीच्या तख्ताकरिता एका दिवाणखान्यात जो रणसंग्राम जाहला, त्याचा लिहिणारा कोणी न निघाला. सबब ते वर्तमान पदरचे तिखटमीठ न लावता येथे लिहिले आहे.

कन्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकर, नजर चोख, तिजला कोरियन मुलुखीच्या एका गुन्हेमालिकेने जिंकिले. मालिका ऐसी, की खुनी प्रेत दडवावयास निघे, आणि दारातच शेजारीण गाठून छत गळत असल्याची तक्रार सांगे, मग खुनी रक्ताळले हात पाठीमागे धरून नळाची अदबीने चौकशी करी, आणि पाहणारास हसू लोटे, आणि हसू ओठांवर येते न येते तोच अंगावर काटा उभा राही. हा दुहेरी मारा कन्येस फार मानवला. दु:ख एकच, की खोलीचे दार लावून, इयरफोन नामे दोन हुजरे कानांशी उभे करून, एकटीनेच हसावे लागे, आणि ते हसू भिंतीवर आपटून माघारी येई. तिचे मनी आले, ही मालिका दिवाणखान्यात मातापित्यांसह तिघांनी मिळोन पाहावी.

परंतु दिवाणखान्यावर अंमल तीर्थरूपांचा. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालविलेला नामजाद पुरुष. निवृत्त जाहल्यापासून दिवसभर बातम्यांचा दरबार भरवून बसत, बोलत कमी, हसत तर नच. कन्येने मालिकेचे नाव काढिताच त्यांनी फर्मान सोडिले, "खून बघून हसायचं? आणि तेही खालची अक्षरं वाचत वाचत? माणसानं बघायचं की वाचायचं? आपल्याला नाही जमणार बुवा!"

मग मातोश्री मध्ये पडल्या आणि तह मुक्रर केला. "अहो, एक भाग बघा. हसलात, तर रोज संध्याकाळी टीव्ही तिचा. नाही हसलात, तर तिनं परत नाव काढायचं नाही. आणि आता दोघंही गप्प बसा, डोकं उठलंय माझं."

कन्येने मसलत करून लिफ्टचा भाग निवडिला. मातोश्री घाबऱ्या होऊन कानाशी लागल्या, "अगं, लिफ्ट कशाला? दोष काढत बसतील!" कारण पडद्यावर लिफ्ट दिसली की तीर्थरूप तिच्या तारा, दारे, बटणे ऐशी झोडपीत, की गोष्ट जागीच गतप्राण होई.

कन्या म्हणाली, "काढू देत. मी तपासलंय. या लिफ्टमध्ये दोषच नाहीये."

इकडे तीर्थरूपांनी पाण्याचा मोठा घोट तोंडात कोंडिला, जेणेकरून हसू बाहेर पडावयास वाटच न उरावी. गफलत जाहली ती येथेच.

लढाईस तोंड लागले. दोघे भाऊ प्रेत गालिच्यात गुंडाळून लिफ्टमध्ये शिरले, आणि मजल्यामजल्यावर शेजारी आत घुसले, आणि शेवटी एक आजीबाई पिशव्यांसह दाखल होताच वजन जास्त जाहल्याचा भोंगा वाजो लागला. मग सर्व एकमेकांकडे पाहती, परंतु उतरे कोणी ना. आजीबाईंनी हुकूम केला, की गालिच्यास उतरवा. हे पाहोन तीर्थरूपांचे डोळे लकाकले, कारण जन्मभर त्यांनी हेच पाहिले होते. गाल फुगले, परंतु ओठांचा दरवाजा शाबूत राहिला. इतक्यात गालिच्यातून फोन वाजला. सर्वांनी आपापले खिसे चाचपले, आणि खुन्यानेही आपला चाचपला.

तटबंदी फुटली. घोट तोफेप्रमाणे सुटोन थेट पडद्यावर जाऊन आदळला.

"ठसका लागला!" तीर्थरूपांनी डोळे पुसत कैफियत मांडिली.

"ठसका असा खोखो लागत नाही हो," मातोश्रींनी निवाडा दिला.

तोच धाकट्या भावाने गालिच्यात हात घालून फोन काढिला. मयताच्या त्या फोनवर नाव उमटले: आई. भोंगा तसाच वाजत होता. तीर्थरूप हसणे टाकोन पुढे सरकले.

"उचल की रे," ते पुटपुटले. मग अंमळ थांबून, "नको. नको उचलूस."

तेथेच भाग संपला. तीर्थरूप उठले, बाहीने टीव्ही पुसला, आणि माघारी येऊन बसले.

"पुढचा लाव."

"संध्याकाळी, बाबा. तहात तसंच ठरलंय."

"तह गेला खड्ड्यात! तो फोन उचलतो का नाही, ते सांग!"

"माहितीये मला. पण सांगणार नाही."

येणेप्रमाणे दिवाणखाना फत्ते जाहला. तह मोडोन पुढील भाग त्याच दुपारी लागला. बातम्यांचा दरबार बरखास्त. इयरफोन चाकरीतून दूर. तीर्थरूपांनी नवे फर्मान काढिले, की त्यांजवाचून कोणी एकही भाग पाहू नये, आणि जिंकलेल्या कन्येने ते मुकाट शिरी धरिले. पडद्याच्या कोपऱ्यात पाण्याचा एक ओघळ सुकोन राहिला आहे. तो कोणी पुसू नये, ऐसी तिची सक्त ताकीद आहे.