वाघमोडे सरांचा बांध

आमच्या सोलापुरातल्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिरताना नाकाला रुमाल लावावा लागतो. आत कसला वायू वगैरे नसतो. आतल्या वाघमोडे सरांना आपला श्वास चालत नाही. "हळू की वो! पीक आडवं पडंल!"

पीक म्हणजे नखाएवढ्या काचेवर उगवलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या झिंक ऑक्साइडच्या कांड्या. त्यांच्यावर सर दुसऱ्या ऑक्साइडचे स्फटिक वाढवतात, तेही जुळे. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. एकटाच स्फटिक उगवला की सरांना त्या दिवशी डबा जात नाही.

अशाच एका जोडीचा, मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढून आणलेला फोटो भिंतीवर आहे. पाहुणा कुणीही असो, सर मधल्या रेषेवर बोट ठेवतात. "ह्यो बांध. हितले अणू दोघांचे. कोण कोरत न्हाय की भांडत न्हाय." तपासणीला आलेल्या कमिटीलाही त्यांनी बांधच दाखवला. कमिटी बिचारी चहाची वाट बघत होती.

बांधाचं हे खूळ कुठून आलं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माळशिरसकडच्या शेताच्या बांधावरून थोरल्या भावानं सरांशी बोलणं टाकलं होतं. सरांनी आपला हट्ट केव्हाच सोडला, तरी दादा बोलेनात.

परवा दवाखान्याच्या कामाला सोलापुरात आलेले दादा अचानक प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. सरांनी कित्येक महिन्यांनी साधलेली, दुसऱ्या दिवशी फोटोसाठी पाठवायची काच दादांच्या हातात दिली.

"काय पिकवतोस हितं?" म्हणत दादांनी, माती बघावी तसा, काचेवर अंगठा चोळला.

कांड्या, जुळे, बांध, सगळं भुईसपाट! मागे अशाच एका काचेला नुसती माझी बाही लागली, तर सर महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.

"हाताला तर काय लागंना," दादा म्हणाले.

"लई बारीक असतंय, दादा. च्या घ्यायचा?"

"घिऊ की. साखर कमी सांग."

दोघं बाहेर पडले. मी हळहळत ती काच टाकायला उचलली, तेवढ्यात सर लगबगीनं परत आले.

"ऱ्हाऊ द्या ती. दादाचा अंगठा हाय तिच्यावर."

काच त्यांनी फोटोखाली नीट उभी करून ठेवली, डोळे पुसले आणि चहाला पळाले.