वडिलांचं बोट

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. शनिवार, संध्याकाळी पाच. खालच्या काकूंचा फ्रिज. बत्तीस वर्षं बसचं स्टिअरिंग धरलेले दोन हात. घर्रर्र.

डबा म्हणजे गिटारचं पेडल. बटण पायाने दाबलं की सूर खरखरीत, दमदार व्हायला हवा. इस्पितळात कवळ्या बनवणाऱ्या मुलाने तो घरीच जोडला होता, आणि दमदार झाली ती फक्त घरघर. इस्पितळाच्या शनिवारच्या स्नेहसंमेलनाचा वाद्यवृंद तिथल्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंच्या हातात. तालमीत त्यांनी शांतपणे सांगितलं, "घरघर मी रोज ऐकते. शनिवारी ऐकू आली, तर तू प्रेक्षकांत बस."

मुलाने ट्यूबलाइट बंद केली. पंखा बंद केला. काकूंना विनवून फ्रिज बंद करवला; त्यांनी विरघळतं आइस्क्रीम वर आणून दिलं आणि तो संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग पाण्याचा पंप. शेवटी त्याने इमारतीचा मेन स्विचच पाडला. घरघर थांबली. अ‍ॅम्प्लिफायरही थांबला. लिफ्टही थांबली, आणि तिच्यात सोसायटीचे सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी बाहेर येऊन बोलायचं ते बोलले. वीज आली, मागोमाग घरघर. दारात निवृत्त बसचालक वडील उभे होते.

"ही इंजिनाची नाही, बॉडीची आहे."

"बाबा, ही बस नाहीये."

"मग तर सोपंच."

त्यांनी एक बोट डब्याच्या स्क्रूवर ठेवलं, दुसरा हात अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर. शांतता. बोट उचललं, घर्रर्र.

मुलाला कळलं ते एवढंच: डब्याला अर्थिंग मिळत नाही. धातूला धातू टेकायला हवा, मधे पापुद्रासुद्धा चालत नाही. त्याने तारांचे सगळे डाख नव्याने दिले. सगळे पक्के होते. घरघरही पक्की होती. आणि शनिवार उजाडला.

पाच वाजता मंचावर गिटार, ड्रम आणि इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर डबा घेऊन, स्टुलावर वडील. बटण तेच अंगठ्याने दाबत होते, हॉर्नसारखं. एक बोट स्क्रूवर, दुसरा हात अ‍ॅम्प्लिफायरवर; नाक खाजलं तरी हलले नाहीत. मुलाची एकट्याची करामत संपली, टाळ्या पडल्या, आणि पोराच्या कौतुकाने वडिलांनीही दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

घर्रर्र.

लोकांना तो शेवट फार आवडला. वन्समोअर मिळाला.

"काका, पुढच्या तालमीला नक्की या," भूलवाल्या बाई म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, "तुला जमलं तर तूही ये."

जोडणीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी, गंज धरू नये म्हणून डब्याला आतून बिनरंगी व्हार्निशचे दोन हात वडिलांनीच दिले होते.