पुन्हा एकदा, खात्रीसाठी

"काम झालं ना? मग पुन्हा एकदा करा. खात्री केल्याने कुणाचे हात झिजत नाहीत."

थोरले साहेब निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी त्यांचा हा आवाज ऑफिसातल्या प्रत्येकाच्या कानात बसलेला होता. इथे पत्रं दोनदा जात, चहात साखर दोनदा पडे, आणि दिव्याचं बटण खात्रीसाठी दोनदा दाबल्यामुळे तो कित्येकदा रात्रभर जळत राही.

धाकटी इथे सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून धाकटी. फुलबाजाराची वेबसाइट या मंडळींकडे होती. बागवाले सकाळी आपली फुलं वेबसाइटवर टाकत, दुकानदार ती शोधून विकत घेत, आणि दुपारी बाराला बाजार बंद होई. त्यानंतर उरलेल्या फुलांना कुणी वाली नसे.

हा शोध चालवणाऱ्या सर्च सर्व्हरची नवी आवृत्ती आली होती. सेटिंगच्या ढीगभर फायली हाताने बदलता बदलता डोळ्यांतून पाणी आलं असतं, म्हणून धाकटीने त्यासाठी एक टूल लिहिलं. जुन्या फायलींत वेळ सेकंदांत लिहिलेली असे, नव्या आवृत्तीला ती सेकंदाच्या हजाराव्या भागात हवी होती. टूल प्रत्येक आकडा हजाराने गुणून जागेवर ठेवी. बटण दाबलं की संपलं.

सकाळी मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन तिने ते दाबलं. सर्व्हर निमूटपणे सुरू झाला. तिने गुलाब शोधले, गुलाब आले. आताचे साहेब म्हणाले, "शाब्बास!" आणि ती निश्चिंतपणे डबा धुवायला गेली.

दहाच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे बागवाल्या मावशी होत्या.

"अगं बाई, माझी लिली कुठे गेली? गाडीभर खुडून आणलीये, वर टाकलीये, पण शोधली तर दिसत नाही!"

"मावशी, गुलाब दिसतायत का?"

"कालचे दिसतायत! ते मी कालच विकले. मेलं आजचं काही दाखवतच नाही!"

धाकटीने फाइल उघडली. नवं फूल किती वेळाने शोधात दिसावं, तो आकडा तिथे होता. असायला हवा होता एक हजार, म्हणजे एक सेकंद. समोर मात्र शून्यांची मुंग्यांसारखी रांग लागली होती. तिने हिशेब केला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"साहेब, आजची फुलं अकरा दिवसांनी दिसणार आहेत."

"अकरा दिवसांनी त्यांचं खतसुद्धा होऊन गेलेलं असेल!" साहेब किंचाळले.

"माझ्यानंतर टूल कुणी चालवलं का?"

साहेबांनी टायची गाठ सारखी केली. "मी एकदा. आपली खात्री म्हणून."

कोपऱ्यातून तपासनीस खाकरला. ऑफिसात त्याला शंकासूर म्हणत. "मीपण एकदा. साहेबांनी नीट चालवलंय की नाही, त्याची खात्री."

दोघांनी खात्री केली होती, आणि हजाराला हजाराने दोनदा जास्तीचं गुणलं गेलं होतं. एकदा बदललेली फाइल ओळखून तिला सोडून द्यावं, हे टूलला शिकवायचं धाकटी विसरली होती. अशा ऑफिसात!

साडेअकरा वाजत आले होते. फोन एकसारखे वाजत होते. तिने जुन्या फायलींची राखून ठेवलेली प्रत परत जागेवर आणली. टूल चालवलं. पडद्यावर 'पूर्ण' अशी अक्षरं उमटली, आणि शेजारून शंकासुराचं बोट हळूच बटणाकडे सरकलं.

"खबरदार!" आयुष्यात कधी आवाज न चढवलेली धाकटी ओरडली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"फक्त एकदा गं..."

"हात खिशात घाला! साहेब, तुम्हीसुद्धा!"

दोघांनी हात खिशात घातले. सर्व्हर उठला. तिने लिली शोधली. लिली आली! बाराच्या ठोक्याला बाजार बंद झाला, तेव्हा मावशींच्या नावापुढे 'सर्व माल विकला' असं आलेलं होतं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. धाकटीने डोळे मिटून हात जोडले.

तेवढ्यात पुन्हा फोन.

"अगं, हे काय झालं?" मावशींचा आवाज कापत होता. "दिसेना म्हणून मी लिली परत वर टाकली. तरी दिसेना, म्हणून आणखी टाकली. खात्रीसाठी गं! आता म्हणे नऊ गाड्या विकल्या गेल्या. माझ्याकडे एकच आहे! दुकानदार दारात उभे आहेत, फसवलं म्हणतील. उद्यापासून माझं फूल कोण घेईल?"

धाकटीने पडदा पाहिला. दुकानदारांनी सगळी लिली मावशींचीच घेतली होती, त्यामुळे बाकीच्या बागवाल्यांच्या लिलीच्या गाड्या तशाच भरलेल्या उभ्या होत्या.

"मावशी, त्यांना चहा पाजा," ती हळू आवाजात म्हणाली. "आठ गाड्या लिली घेऊन मी येते. शब्द देते."

"तू? तुला फुलांतलं काय कळतं गं?" शंकासुराने विचारलं.

तिने पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या आणि टळटळीत उन्हात, पदर डोक्यावर घेऊन, ती बाजाराच्या रस्त्याला लागली.